घाण्याची पाचवी

प्रितेशचं नाव कानावर पडलं तेव्हा मृणालीचा हात मुसळावर होता. तिच्या हाताच्या वर दोन हात होते, खाली दोन, आणि मुसळ उखळात पडलं की पाचही जणींच्या बांगड्या एकदम वाजत होत्या. पुतळाबाई गात होत्या. त्या धवलारीण, म्हणजे लग्नाचे विधी गाण्यानं लावणाऱ्या. घाण्याच्या गाण्यात हळकुंडं कुटणाऱ्या प्रत्येकीच्या नवऱ्याचं नाव गुंफायचं असतं, म्हणून मघाशी त्यांनी एकेकीला विचारून घेतलं होतं. मृणालीच्या तोंडून नाव निघून गेलं होतं. खोटं बोलायला जेवढा विचार करावा लागतो तेवढाही तिनं केला नव्हता. कुणी शाळेचं नाव विचारावं आणि सांगून टाकावं तसं ते निघालं होतं. आता ते नाव पुतळाबाईंच्या खरखरीत आवाजात गोदामाच्या उंच पत्र्यापर्यंत गेलं आणि तिथून परत खाली आलं. प्रितेशची राणी घाणा भरी. घटस्फोट होऊन तिसरं वर्ष चाललं होतं.

ती इथं बसणार नव्हतीच. पाचवी सवाष्ण जी होती, नवरीच्या मावशीची सून, ती मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती आणि फोनवर नुसती रडवेली होऊन "आले, आले" म्हणत होती. नवरीची आई चंद्राकाकी इकडे तिकडे बघत राहिली. मग तिनं खुर्च्या मोजत उभ्या असलेल्या मृणालीचं मनगट धरलं. "चल गो, तूच बस पाचवी. हातात बांगड्या हायत ना." बांगड्या होत्या. हिरव्या, काचेच्या, सकाळी मुद्दाम घातलेल्या. लग्नाचा हॉल चालवणाऱ्या बाईचे हात मोकळे दिसू नयेत म्हणून. नाही म्हणायला एक क्षण मिळाला होता. तो क्षण तिला स्पष्ट दिसलाही होता, समोर येऊन उभा राहिला होता, आणि तिनं तो जाऊ दिला होता. मग ती पदर खोचून खाली बसली.

घाणा संपला. भरड हळद पितळी ताटात निघाली, तिच्यावर पांढरं फडकं पडलं. पुतळाबाई पाणी प्यायल्या. चंद्राकाकी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता कुनी लांब जाऊ नका. कुटलीय त्याच पाचजनी पयली हलद लावनार, ही आमच्या घरची रीत हाय. चार वाजता." आणि मृणालीच्या पाठीवर तिनं थाप मारली. थाप मायेची होती.

मृणाली मागच्या बाजूला आली. तिथं ट्रक लागायचा ओटा होता, शटर अर्धं वर होतं, आणि उन्हाचा एक पट्टा आत जमिनीवर पडला होता. जमिनीवरच्या पिवळ्या रेघा अजून गेल्या नव्हत्या. आधी इथं एका ऑनलाइन कंपनीचा माल असायचा आणि त्या रेघांमधून फोर्कलिफ्ट फिरायची. त्यांनी ॲसिड टाकून पाहिलं, यंत्र लावून घासून पाहिलं. शेवटी हेमाली म्हणाली, राहू दे, हळदीचाच रंग आहे. कल्पना हेमालीचीच होती. ती याच रस्त्यावरच्या एका गोदामात बिलिंगला होती, आणि बाळारामकाकांचा हा गाळा रिकामा झालेला तिनं जेवणाच्या सुट्टीत पाहिला. त्याच दिवशी तिनं टेमघरला येऊन मृणालीला सांगितलं. "पूर्वी हळदीचा मांडव दारात पडायचा, नाहीतर कापलेल्या शेतात. आता दार कुठं उरलंय? शेतात सगळे गाळे. मग हळद कुठं करणार लोक? गाळ्यातच." मृणाली हसली होती. हेमाली हसली नव्हती. "हसू नको. हजार माणूस बसतं आत. मी पावलं टाकून बघितलंय."

दोघी शाळेपासूनच्या. लग्नं एका वर्षाच्या अंतरानं झाली, मोडलीही तशीच. हेमालीचं मोडणं गाजावाजानं झालं; नवऱ्यानं दुसरी आणली, हिनं त्याच्या दुकानासमोर उभं राहून सगळ्या बाजाराला ते सांगितलं. मृणालीचं मोडलेलं कुणाला ऐकूसुद्धा आलं नाही. प्रितेशनं तिच्यावर कधी हात उगारला नाही. तो फक्त तिच्या वतीनं बोलायचा. हॉटेलात वेटर तिच्याकडे वळला की तो म्हणायचा, तिला नको. डॉक्टरांनी विचारलं कुठं दुखतं, तर तो सांगायचा. तिच्या आईचा फोन आला की तो म्हणायचा, ती मजेत आहे, आणि ती शेजारी उभी असायची. पहिल्या वर्षी तिला ते प्रेम वाटलं. चौथ्या वर्षी तिच्या लक्षात आलं की रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं तरी ती शेजारी बघते, शेजारी कुणी नसलं तरी. कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, त्रास काय आहे नेमका? ती म्हणाली, ते माझ्या वतीनं बोलतात. बाई लिहिता लिहिता थांबल्या, आणि त्यांना हसू आवरलं नाही. तेव्हाही प्रितेश म्हणाला होता, तिला म्हणायचंय की आमचं जमत नाही.

आणि आज दुपारी बांगड्या हायत ना, असं चंद्राकाकी म्हणाली आणि ती गप्प बसली. मग नाव विचारलं तर त्याचंच दिलं. म्हणजे आजसुद्धा तोच बोलून गेला, असं तिला वाटलं, आणि लगेच हेही वाटलं की नाही, ही फार सोयीची समजूत झाली. तो इथं नव्हता. तो कल्याणला त्याच्या ऑफिसात बसला असेल.

तिनं नळाखाली हात धरले. आपल्या हातानं हळद अशुभ होते यावर तिचा विश्वास होता का? नव्हता. विचारलं असतं तर तिनं ठामपणे नाही सांगितलं असतं. पण घटस्फोटानंतरच्या पहिल्या लग्नात, मावसबहिणीच्या हळदीला, आईनं तिच्या हातात फोन दिला होता. "तू फोटो काढ गं. तुझे छान येतात." कुणी तिला नको म्हटलं नाही. कुणी कधीच म्हणत नाही. एक काम देतात. पुढच्या लग्नात ती पाहुण्यांच्या चपला बघत होती, त्याच्या पुढच्या लग्नात आइस्क्रीमच्या काउंटरवर. हेमालीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपण सगळंच काम घेऊ ना अंगावर. लग्नातलं सगळं. बघू कोण बाजूला बसवतं." दोघींनी तुटलेल्या लग्नांतलं परत मिळालेलं सोनं मोडलं. बाळारामकाकांनी अकरा महिन्यांचा करार केला आणि म्हणाले, पहिली हळद माझ्या पोरीची, रूपाची. ती बिनबोभाट पार पडली तर पुढचा करार करू, न्हायतर गाळा परत मालाला देतो, गिऱ्हाईक उभं हाय. एप्रिल चालू होता. अकरातले सात महिने दुरुस्तीत आणि परवानग्यांत गेले होते.

"धुऊन नको काढू," मागून आवाज आला. "रंग चढतो. पन्नासदा धुतलं तरी संध्याकाळी हाय तसाच."

आक्का होत्या, बाळारामकाकांची थोरली बहीण. सकाळपासून त्या भिंतीशी सतरंजी टाकून विड्याची पानं पुसत बसल्या होत्या. ढीग मोठा होता, तरी एवढा वेळ लागावा इतका मोठा नव्हता. घाणा चालू होता तिथून त्या हाकेच्या अंतरावर होत्या. पाचवी शोधताना चंद्राकाकीची नजर त्यांच्यावरून गेली होती आणि थांबली नव्हती. मृणालीनं ते पाहिलं होतं. आक्कांच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर मोठं कुंकू होतं. त्यांचा नवरा राघो निजामपुऱ्यात दुसऱ्या बाईबरोबर राहत होता, तिथं त्याला मुलं होती, ती आता कॉलेजात होती. गणपतीला तो येतो, आरतीला उभा राहतो, जेवतो आणि जातो. हे मृणालीला सांगणारे बाळारामकाकाच होते, करार करताना, का कोण जाणे.

"कुठली गो तू?" आक्कांनी विचारलं. "सासर कुठलं?"

"मी टेमघरची," मृणाली म्हणाली. माहेर सांगितलं तर ते खोटं होत नाही.

आक्कांनी तिच्या बांगड्यांकडे बघितलं. मग पानांकडे वळल्या. "टेमघरला पयले आंबे लय होते," त्या म्हणाल्या.

हेमाली टेम्पोतून झेंडू घेऊन आली तेव्हा तीन वाजून गेले होते. ती उडी मारून उतरली, ड्रायव्हरला हिंदीत दोन शिव्या दिल्या, क्रेट मोजून घेतले आणि मग तिला मृणालीचे हात दिसले.

"हे काय?"

मृणालीनं सांगितलं. सांगायला फारच थोडं होतं.

हेमाली क्रेटवर बसली. ही आता संतापेल, असं मृणालीला वाटत होतं; संतापावी असंही वाटत होतं. खोटं बोलून धंदा करायचा नाही, हा हेमालीचाच नियम होता. हॉलच्या पेजवर तिनं सरळ लिहिलं होतं, दोन घटस्फोटित मैत्रिणींनी चालवलेला हॉल, आणि खाली दोघींचा फोटो, दोघी हसताना. मृणालीनं विनवलं होतं, आत्ता नको, जरा जम बसू दे. हेमाली म्हणाली होती, ज्यांना चालत नाही त्यांनी येऊ नये. पण पेज मुलं बघतात. चंद्राकाकी बघत नव्हती.

"नाव पण सांगितलंस?"

"हो."

"प्रितेशचं?"

"मग कुणाचं सांगू?"

हेमालीला हसू आलं. मग ते गेलं. ती रस्त्याकडे बघत राहिली. समोर दोन कंटेनर एकमेकांना वाट देत नव्हते आणि क्लीनर भांडत होते. "लाव मग," ती म्हणाली.

"काय?"

"हळद. लाव आणि मोकळी हो. दोन बोटं गालाला. कोणाला कळतंय?"

"तू म्हणतेस हे?"

"मी म्हणतेय. आता सांगितलंस तर ती बाई बोंब मारेल, बाळाराम गाळा काढून घेईल, आणि मी परत त्या बिलिंगच्या खुर्चीवर. मला नाही जायचं तिथं. मला त्या खुर्चीचा आवाजसुद्धा आठवला ना, की..." तिनं वाक्य सोडून दिलं. "पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळेपासून सुरुवातीलाच सांगू."

मृणालीनं मान हलवली. तिला राग आला नाही. एक विचित्र थकवा आला, जणू कुणीतरी खांद्याला खांदा लावून ओझं उचलत होतं आणि बाजूला झालं. हेमालीच्या धीटपणावर आपण किती दिवस राहिलो, हे तिला आत्ता दिसलं. आणि हेमालीचं बरोबरही होतं. दोन बोटं. हळदीला कुठं माहीत असतं कोणाचा हात? ती हे स्वतःशी म्हणत राहिली, माळा लावताना, कूलरमध्ये पाणी भरताना, माइक तपासताना. पण मध्येच तिला रूपाचं पुढचं आयुष्य दिसू लागलं. पाच वर्षांनी रूपा भांडून माहेरी येईल, सगळ्या मुली येतात तशी एक दिवस येईल, आणि तोपर्यंत चंद्राकाकीला कळलेलं असेल. मग त्या घरात जे काही बिघडेल, ताप येईल, मूल होणार नाही, त्या सगळ्यात आपले हात असतील. आपल्याला न विचारता आपण एका परक्या घरात राहायला जाऊ, कायमच्या.

चार वाजता पंखे लावून ठेवले तरी पत्रा तापलेला होता. बायकांनी गाळा भरला होता. पुरुष बाहेर मांडवात. रूपा पाटावर बसली होती, पिवळी साडी, झेंडूचे दागिने. ती एका गोदामात डिस्पॅचला सुपरवायझर होती, हॉल तिनंच आईवडिलांना सुचवला होता. समोर कॅमेरेवाला गुडघ्यावर बसला होता. पुतळाबाईंनी गाणं धरलं. पहिली गेली, दुसरी गेली. गालाला, खांद्याला, हाताला, पायाला. तिसरी, चौथी. प्रत्येकीनंतर हसण्याचा एक गलका. मग चंद्राकाकीनं हाक मारली, "पाचवी कुठं गेली? ये गो."

मृणाली पुढं झाली. तिनं ताटात बोटं बुडवली. तिचं ठरलं होतं. दोन बोटं, आणि मोकळं. ती वाकली. रूपाचा चेहरा कॅमेऱ्याकडे होता, ओठांवर हसू होतं, आणि ते हसू जराही न हलवता रूपा हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही नका लावू. प्लीज. राग नका मानू."

मृणाली वाकलेलीच राहिली. रूपाच्या पापण्यांवर घामाचे थेंब होते. म्हणजे हिला ठाऊक होतं. तिनं पेज बघितलं होतं, फोटो बघितला होता, कदाचित त्याच्याखाली टाळ्यांचं चिन्हही टाकलं होतं, आणि म्हणूनच हॉल सुचवला होता. ते सगळं खरं होतं. आणि आज पाटावर बसल्यावर तिला भीती वाटत होती, हेही खरं होतं. मृणालीला तिचा राग येईना. बोटं गालापासून वीतभर अंतरावर होती. लावल्यासारखं करता आलं असतं. हात गालावरून फिरवायचा, न टेकता, कॅमेऱ्याला काय कळतं. रूपा काही बोलली नसती. दोघींनी मिळून ते निभावलं असतं. आणि खरंच लावली तर रूपाच सगळ्यांना सांगून टाकेल, एवढं एक तिच्या मनात आलं. पुन्हा कुणीतरी आपल्या वतीनं बोलेल.

ती सरळ उभी राहिली.

"काकी," ती म्हणाली. पुतळाबाई गात होत्या, म्हणून तिला पुन्हा म्हणावं लागलं. "काकी, मी सवाष्ण नाही. माझा घटस्फोट झालाय. दुपारीच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

गाणं थांबलं. पंख्यांचा आवाज मोठा झाला. कॅमेरेवाल्यानं कॅमेरा खाली घेतला, मग काय वाटलं कोण जाणे, परत डोळ्याला लावला.

चंद्राकाकीचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "आता बोलतेस?" ती म्हणाली. "घाना झाला. चौघींनी लावली. आता बोलतेस तू?"

"हो."

"मंग नाव कनाचं सांगितलंस बाईला?"

"त्याचंच. जो होता त्याचं."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि कुणीतरी तिला गप्प केलं. मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, परत कुटा, त्यात काय एवढं, हळकुंडं हायत ना. दुसरी म्हणाली, लावलेली आधी पुसा. रूपा पाटावर बसून होती, गाल अर्धे पिवळे, आणि कुणाकडेच बघत नव्हती. पुतळाबाई एवढंच म्हणाल्या, "मी गाईन परत. माजं काय जातंय." त्या स्वतः वीस वर्षांपासून विधवा, त्यांच्या गाण्याशिवाय इथं लग्न लागत नव्हतं, आणि मुसळाला त्यांनी हात लावलेला चालत नव्हता. मृणालीला हे आजवर कधी सुचलं नव्हतं, आत्ता सुचलं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

कुणीतरी ओल्या फडक्यानं रूपाचे गाल पुसले. उखळ परत मधोमध आलं. चौघी बसल्या. आणि तेव्हा चंद्राकाकीच्या ध्यानात आलं की मावशीची सून अजून पोचलेली नाही. तिनं फोन लावला. तिकडून हॉर्नच ऐकू आले. जमलेल्या बायकांत सवाष्णी खूप होत्या, पण एकदा बाटलेल्या घाण्यावर बसायला कुणी पुढं होईना. एकीचं पाऊल दुखत होतं, एक पाण्याला उठली. मृणाली तिथंच उभी होती, उखळाजवळ, पाचव्या जागेवर. तिला हलायचं सुचलं नव्हतं.

आक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. ओच्याला हात पुसत त्या रांगांमधून आल्या.

"मी बसतंय," त्या म्हणाल्या.

"आक्का, तू..." चंद्राकाकी म्हणाली आणि थांबली.

"काय मी? माजा हाय ना. कागदावर हाय, रेशनकार्डावर हाय, गनपतीला जेवाया हाय. हाय त हाय." कुणी हसलं नाही. रीत आक्कांच्या बाजूची होती. त्या मृणालीकडे वळल्या. "सर गो. मना जागा दे."

मृणाली सरली. आक्कांचा हात मुसळावर पडला, सगळ्यांत वर, आणि मुसळ त्यांनीच आधी उचललं. चौघींना मागून जावं लागलं.

ती चालत मागच्या शटरपाशी आली. तिथं हेमाली उभी होती. ती म्हणाली, "पुढच्या बुकिंगला एक अट टाकायची. पाचवी आपापली आणावी."

"पुढचं बुकिंग असेल तर."

"असेल तर."

हेमालीनं तिच्याकडे बघितलं नाही, पण तिच्या खांद्याला खांदा टेकवून उभी राहिली. मृणालीला ते कळलं, आणि आता त्यावर रेलायचं नाही हेही कळलं.

बाहेरून बाळारामकाका आले. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. बायकांच्या बाजूला त्यांनी यायचं नव्हतं, म्हणून ते मागून आले होते. "परत का कुटतायत?" त्यांनी विचारलं. "बाहेर मानसं विचारतायत. काय झालं?"

"काका, ते जरा उखळ..." हेमालीनं सुरुवात केली.

"हेमा, थांब," मृणाली म्हणाली. "मी सांगते."

तिनं सांगितलं. दुपारपासूनचं, क्रमानं, काही न गाळता, नावसुद्धा सांगितलं. बाळारामकाका ऐकत होते. त्यांची नजर ऐकता ऐकता तिच्या खांद्यावरून आत गेली आणि तिथंच राहिली.

"आक्का बसलीय?" ते म्हणाले.

"हो."

"कोनी बसवली?"

"कुणी नाही. स्वतःच उठल्या."

आत मुसळाचा ठेका बसला होता. त्यांनी रुमाल काढला, मान पुसली, घडी घालून परत ठेवला. "जेवन अर्धा तास पुढं घे," ते म्हणाले आणि वळले.

"आणि करार?" मृणालीनं विचारलं.

ते थांबले. "मी करारावर काय बोललो का आता?"

"नाही बोललात," ती म्हणाली. "म्हणून विचारतेय."